सिल्कीची पिल्लं घरी काढताना: १२ अंडी, २ पिल्लं. काय चुकलं असेल?

फुलपिसारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते पण आज लिहायची वेळ आली कारण डोकं चालेनासं झालंय. माझ्याकडे सिल्कीचा एक कोंबडा आणि चार कोंबड्या आहेत, सगळ्या पांढऱ्या. ज्यांनी ही जात बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, लांबून कोंबडी कमी आणि पिंजलेल्या कापसाचा गोळा जास्त वाटते, डोक्यावर झुबका, पायांवर पिसं, बोटं चाराच्या ऐवजी पाच, आणि पिसं बाजूला करून बघितलं तर आतली कातडी चक्क निळसर काळी. उडता येत नाही त्यामुळे कुठे पळून जायची भीती नाही.

तर पहिल्यांदाच घरच्या अंड्यांची पिल्लं काढायला घेतली. पंखा असलेलं छोटं इनक्युबेटर आणलं, १२ अंडी ठेवली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघितलं तर ७ अंडी एकदम कोरी, आत नुसती बलकाची सावली फिरतेय. एकात रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरून लगेच गेलेलं. उरलेल्या चारांत ते लाल कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तेव्हा मी एकटीच किंचाळले. पण शेवटी दोनच बाहेर आली, ती पण २२व्या दिवशी रात्री, आणि बाकीची दोन पूर्ण वाढून आतच गेली. तापमान ३७.५ होतं, पाणी रोज घालत होते, दिवसातून तीनदा अंडी फिरवत होते. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं हो. मग चुकलं कुठे?

टवाळ_तुरा

दोन आली ना? मग पार्टी. पहिल्या वेळी माझं शून्य आलं होतं आणि वर मशीन तीन दिवस वास मारत होतं.

खुराडेश्वर

ताई, आधी काही प्रश्न विचारतो, राग मानू नका.
अंडी जमवायला किती दिवस लागले आणि तोवर ती कुठे ठेवली होती? कोंबडा किती महिन्यांचा? कोंबड्यांची मागची पिसं कापली होती का? थर्मामीटर कशाशी तरी ताडून बघितला होता का? आणि खरं सांगा, शेवटच्या तीन दिवसांत झाकण किती वेळा उघडलंत?

फुलपिसारा

जमवायला १३ दिवस. ओट्यावर ट्रेमधे ठेवली होती. कोंबडा ११ महिन्यांचा, तब्येतीने उत्तम, दिवसभर आरवतो. थर्मामीटर मशीनचाच. झाकण... मोजलं नाही 🙈
आणि मागची पिसं कापतात?? कुणाची?

खुराडेश्वर

दोघांचीही. हसू नका, सिल्कीत हा पहिला धडा आहे.

साधी कोंबडी आणि कोंबडा जवळ आले की शेपटाची पिसं बाजूला होतात आणि काम होतं. सिल्कीच्या मागे एवढा कापूस असतो की कोंबडा बिचारा प्रामाणिकपणे प्रयत्न करतो आणि सगळं पिसांवरच जातं. म्हणून बोथट टोकाच्या कात्रीने शेपटाखालच्या छिद्राभोवतीची पिसं दोन्हींची कापायची, गोल, साधारण दोन बोटं रुंदीची. उपटायची नाहीत. नवीन उगवत असलेल्या पिसाच्या नळीत रक्त असतं, तसं जाड निळसर खुंट दिसलं तर ते सोडून द्यायचं. आणि कोंबड्याच्या डोळ्यांवरचा झुबका पण थोडा छाटा किंवा मागे बांधा. त्याला दिसतच नाही हो, कोंबडी कुठे आहे ते. पुष्कळ जण कोंबडा नपुंसक म्हणून देऊन टाकतात आणि त्याची चूक एवढीच की त्याचे केस डोळ्यांवर येतात.

दुसरं, १३ दिवस आणि ओटा. अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात, थंड जागेत त्या झोपून राहतात. ओट्यावर दुपारी गरम, रात्री गार, म्हणजे त्या अर्धवट जाग्या होतात, परत झोपतात, परत जाग्या होतात आणि दमून मरतात. नंतर टॉर्च मारला की ते अंडं कोरंच दिसतं. साठवायची तर १३ ते १६ अंश, निमुळतं टोक खाली, जास्तीत जास्त सात दिवस. फ्रिज त्यासाठी फार गार. चार कोंबड्यांची सात दिवसांत १२ होत नसतील तर ८ ठेवा.

माझं स्पष्ट मत सांगतो, सगळे त्या २१ दिवसांकडे डोळे लावून बसतात, पण सिल्कीची अर्धीअधिक पिल्लं अंडं मशीनमधे जायच्या आधीच्या आठवड्यात गमावलेली असतात. मशीन फक्त निकाल दाखवतं.

यंत्रमानव

खुराडेश्वरांशी निम्मं सहमत. कोरी अंडी तुमची, पण आत मेलेली दोन मशीनची आहेत.

२२व्या दिवशी रात्री पिल्लं आली म्हणता. सिल्कीची अंडी लहान, ती बरेचदा २०व्या दिवशी संध्याकाळीच टोचे मारायला लागतात. उशीर म्हणजे तापमान कमी, मशीनचा आकडा काहीही म्हणो. घरात ताप बघायचा थर्मामीटर असेल ना, एका भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यात तो आणि एखादा साधा थर्मामीटर शेजारी शेजारी धरा, फरक लिहून ठेवा, मग तो साधा थर्मामीटर मशीनमधे अंड्यांच्या उंचीवर ठेवा. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ बरोबर आहे. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्यावर ३८.५ च्या आसपास लागतं कारण खाली गार असतं.

आणि "पाणी रोज घालत होते" हे वाचून पोटात गोळा आला. आर्द्रता किती होती?

फुलपिसारा

६५ ते ७०, पहिल्या दिवसापासून. जास्त ओलावा चांगला असंच वाटलं होतं 😐 आणि शेवटी ओलावा जाऊ नये म्हणून वरची छोटी भोकं पण बंद केली होती.

यंत्रमानव

सापडलं.

अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जायलाच हवं, तेवढ्याने जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं, कवच फोडायच्या आधी. तुम्ही सुरुवातीपासून दमट ठेवलंत म्हणजे पोकळी लहानच राहिली, आत पाणी जास्त, पिल्लू फुगलेलं, फिरायला जागा नाही, वर हवेची भोकं बंद. पहिले १८ दिवस ४५ ते ५०, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, आणि भोकं शेवटी जास्त उघडी, कमी नाही, कारण शेवटी पिल्लांना हवा सगळ्यात जास्त लागते.

आकड्यावर पण भरवसा नको, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलं करा, पातळ नाही, वाळू ओली असते तसं, आणि दोन्ही हवाबंद पिशवीत ८-१० तास ठेवा. ७५ दाखवायला हवा. माझा ८३ दाखवायचा, म्हणजे मी दोन वर्षं सगळ्यांना चुकीचे सल्ले देत होतो, असो.

त्याहून बरं म्हणजे वजन करा. छोटा काटा असतो ना ग्रॅमचा, तो. ४० ग्रॅमचं अंडं १८व्या दिवशी ३५ च्या आसपास आलं पाहिजे. साधारण १२-१३ टक्के घट. दहाव्या दिवशी मधे एकदा बघायचं, घट कमी असेल तर पाणी बंद, जास्त असेल तर पाणी वाढवा.

खुडूकवाली

एवढी उस्तवार कशाला? सिल्की आहे तुमच्याकडे, जगातली सगळ्यात भारी इनक्युबेटर आहे ती! लोक बदकाची, तितराची, मोराची सुद्धा अंडी सिल्कीखाली ठेवतात. हिला ना आर्द्रता कळते ना आकडे, पण वर्षानुवर्षं मी दहातली नऊ काढते. मशीन म्हणजे लोकांनी स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी केलेला उद्योग. हे माझं वैयक्तिक मत.

यंत्रमानव

कोंबडी ऑर्डर दिली की खुडूक होते का, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसते का? आणि सोळाव्या दिवशी मूड गेला आणि उठून निघून गेली तर?

खुडूकवाली

लाइट गेली तर तुमचं मशीन पण उठून निघून जातं.

टवाळ_तुरा

🍿

फुलपिसारा

रात्रीच एक प्रयोग केला. खायला ठेवलेली चार अंडी एकेक करून पांढऱ्या बशीत फोडली आणि बलकावरचा तो पांढरा ठिपका बघितला. तिघांत नुसता बारीक, कडा फाटल्यासारखा ठिपका. एकातच नीट गोल, मधे फिकं आणि बाहेर कडं, नेमबाजीच्या फलकासारखं. म्हणजे चारातलं एकच फळलेलं. खुराडेश्वर, तुम्हाला साष्टांग.

आज सकाळी नवरा धरून बसला आणि मी कात्री चालवली. कोंबड्याच्या डोळ्यांवरची पिसं कापली तर तो दोन मिनिटं नुसता इकडेतिकडे बघत उभा होता, पहिल्यांदाच अंगण दिसल्यासारखा.

खुराडेश्वर

भारी! आता आठ-दहा दिवस थांबा मग जमवायला घ्या. कोंबडा तोच आहे म्हणून एवढंच. वेगळा कोंबडा आणला असता तर तीन-चार आठवडे थांबावं लागलं असतं, कारण आधीच्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं आणि बाप कोण यावर नंतर भांडणं. अंडी धुवू नका, शेण लागलेलं असेल तर ते खायला पण नको आणि ठेवायला पण नको. फार लहान, फार लांबुडकी, खरखरीत कवचाची बाजूला काढा.

(दहा दिवसांनी)

फुलपिसारा

अपडेट. बशीतली परीक्षा परत घेतली, पाचातली पाच गोल कडेवाली!! आणि गंमत म्हणजे एक कोंबडी कालपासून खुडूक झालीये. पेटीतून उठत नाही, हात घातला की फुगून चपटी होते आणि रेडिओ बिघडल्यासारखा आवाज काढते. तर दोन्ही पक्षांना खूश करते, १० मशीनमधे आणि ६ हिच्याखाली. १६ जमेपर्यंत तिला खोट्या अंड्यांवर बसवते.

खुडूकवाली

शाबास! ऐका आता नीट.
खरी अंडी रात्री द्या, सगळी एकदम, एकेक करत नाही, नाहीतर पहिलं पिल्लू निघालं की ती उठणार आणि मागची गारठणार. सहाच ठीक आहेत, किलोभराची कोंबडी ती, दहा ठेवलीत तर आलटूनपालटून दोन बाहेर राहतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने फुली मारा, कारण बाकीच्या तिघी तिच्याच पेटीत जाऊन अंडी घालणार, त्यांना तीच जागा आवडते. फुली नसलेलं रोज काढून घ्या. शक्यतो तिला वेगळीच ठेवा, बुटक्या पेटीत, जमिनीलगत.
दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठेल, खाईल, पाणी पिईल, धुळीत लोळेल, आणि एक अशी शी करेल की तुम्हाला वाटेल आजारी पडली. आजारी नाही. दिवसभराचं साठलेलं असतं. आपणहून उठली नाही तर उचलून ताटासमोर ठेवा, काही सिल्की खरंच उपाशी मरतील पण उठणार नाहीत. आणि बसवायच्या आधी पंखाखाली, शेपटापाशी लिखा-पिसवा बघून घ्या. तीन आठवडे एका जागी बसणारी कोंबडी म्हणजे त्यांची मेजवानी.

यंत्रमानव

याला मात्र पूर्ण अनुमोदन 🙏

नवशिक्या_७

मधेच घुसतो, माफी. माझ्याकडे सिल्की कोंबडा आहे पण कोंबड्या साध्या. पिल्लं मोठी झाली, पायाला पाच बोटं, डोक्यावर जरा जरा शेंडी, पण पिसं अगदी साधी! आणि काही पिल्लं काळी कातडीची, काही नाहीत. मला फसवलं का कोंबडा विकणाऱ्याने?

गुणसूत्री

नाही फसवलं. साध्या पिसाच्या बारीक तंतूंना आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून पीस सपाट राहतं. सिल्कीच्या पिसाला ते आकडे नसतात, सगळं मोकळं, म्हणून रेशमी, आणि म्हणूनच तिला उडता येत नाही आणि पावसात ती चिंध्या होते. हा गुण दबणारा आहे, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. तुमच्या पिल्लांच्या अंगात तो आहे पण झाकलेला. त्यांच्यातल्या त्यांच्यात जोड्या लावल्या तर चारात एक रेशमी, परत सिल्कीशी लावल्या तर दोनात एक. बोटं, शेंडी हे मात्र एका बाजूने आले तरी दिसतात, कमीजास्त प्रमाणात.

काळ्या कातडीचं प्रकरण जास्त मजेशीर. काळेपणा कडकनाथमधे आहे तोच, वरचढ गुण. पण बऱ्याच साध्या कोंबड्यांत तो काळेपणा दाबणारा एक गुण असतो आणि तो बसलाय लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर. कोंबडीकडे ते एकच असतं आणि ती ते फक्त मुलग्यांना देते. म्हणून तुमची काळी पिल्लं बघा, माद्या निघतील, आणि फिकी सगळी नर. उलट जोडी लावलीत, सिल्की कोंबडी आणि साधा कोंबडा, तर सगळीच फिकट. १९११ साली बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या घेऊन नेमका हाच गुंता सोडवला होता.

नवशिक्या_७

थांबा मोजून येतो.

नवशिक्या_७

काळ्या पाचपैकी पाच तलंगा (तरुण माद्या) वाटतायत, तुरे एवढुसे. फिक्या चारांना लाल तुरे आलेत. तुम्ही माणूस आहात का काय!

निवांत_पारवा

गुणसूत्री, निळ्याचं पण सांगा ना, माझ्या निळ्या जोडीला काळं आणि पांढरट ठिपक्यांचं असं काहीही होतं.

गुणसूत्री

निळा म्हणजे राखाडी, आणि तो कधीच शुद्ध पैदा होत नाही. निळा गुणिले निळा केलं की पाव काळी, अर्धी निळी, पाव ठिपकेवाली. सगळी निळीच हवी तर काळा आणि ठिपकेवाली अशी जोडी लावा. जाता जाता, मार्को पोलोने तेराव्या शतकात चीनमधल्या कोंबड्यांबद्दल लिहिलंय की त्यांना पिसांऐवजी मांजरासारखे केस आहेत आणि त्या काळ्या आहेत. म्हणजे धागाकर्तीच्या मांडीवरचा कापूस बराच जुना आहे.

(मशीनचा २०वा दिवस)

फुलपिसारा

कुणी जागं आहे का??? मशीनमधे ९ अंडी आहेत (एक सातव्या दिवशी काढलं). १८व्या दिवसापासून फिरवणं बंद, झाकण बंद, खरंच एकदाही उघडलं नाही, मुलाने झाकणावर चिकटपट्टी लावून "आई हात लावू नकोस" असं लिहून ठेवलंय. पाच अंड्यांना टोचे पडलेत. पण एकाने निमुळत्या टोकाला टोचा मारलाय! आत चोच हलतेय. काय करू?

खुराडेश्वर

काही नाही. डोकं चुकीच्या टोकाला आहे. बाहेरची हवा मिळतेय ना आता, मग वेळ आहे. साध्या पिल्लाला सुद्धा टोचा ते बाहेर येणं यात १२ ते २४ तास लागतात. त्या वेळात ते झोपत नाही, बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाला लागलेल्या रक्तवाहिन्या बंद करत असतं. घाईने कवच सोललंत तर रक्त जाईल.

खुडूकवाली

मी तर म्हणते हात लावूच नका. जे स्वतः येत नाही ते पुढे पण रडतंच.

यंत्रमानव

उलट्या टोकाचं असेल तर हा नियम लावू नका ताई. त्याचा दोष नाही, फक्त जागा अडचणीची. २४ तास थांबा. त्यानंतर हालचाल नसेल आणि टोच्याभोवतीचा पडदा सुकून पिवळट, कागदासारखा झाला असेल तर बोट कोमट पाण्यात बुडवून तेवढाच पडदा ओला करा, नखाने कवचाचा एक तुकडा काढा, लाल रेघ दिसली की तिथेच थांबा आणि परत आत ठेवा.

फुलपिसारा

पहाटे तीन. बाकीची चार आली, ओली, घाणेरडी, सुंदर. उलटंवालं तसंच आहे, अधूनमधून चिवचिवतं.

फुलपिसारा

दुपारी चार. २६ तास झाले, पडदा कागद झाला होता. नखाएवढा तुकडा काढला. पडद्यात बारीक लाल धागा दिसला, लगेच थांबले. हात थरथरत होते. झाकण १५ सेकंदात बंद.

फुलपिसारा

रात्री साडेअकरा. परत बघितलं, लाल धागा गेला होता, पडदा पांढरा. अजून दोन तुकडे काढले आणि बाजूला ठेवलं. पाच मिनिटांनी त्याने पाय ताणले आणि कवच दोन भाग होऊन पडलं. आलं बाबा एकदाचं. पण पाय दोन्ही बाजूंना फाकतायत, उभं राहता येत नाहीये.

खुराडेश्वर

अरे वा!! पायांचं होईल बरं. चिकटपट्टी असलेली जखमेची पट्टी घ्या, लांबीत अर्धी चिरा, दोन पायांत घोटा आणि गुडघ्याच्या मधे बांधा, मधलं अंतर नैसर्गिक उभं राहण्याएवढं. खाली वर्तमानपत्र नको, गुळगुळीत असतं, रबरी चटई किंवा जुना टॉवेल. दोन-तीन दिवसांत उभं राहतं. आणि पहिले दोन दिवस खाण्याची काळजी नको, पोटात बलक आहे.

फुलपिसारा

अंतिम स्कोअर: मशीन १० पैकी ७. कोंबडी ६ पैकी ५. पण वाईट बातमी पण आहे, कोंबडीखालचं एक पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेलं सापडलं. आईच्या पोटाखालच्या लांब रेशमी पिसाचा फास मानेला बसला होता. धाग्यासारखा गुंडाळला होता. खूप रडले.

खुडूकवाली

अगं बाई गं. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, माझीच चूक. सिल्की आईच्या पोटाखालची लांब पिसं पिल्लं यायच्या आधी कापून आखूड करायची असतात. माझं पण एकदा असंच गेलंय. सॉरी गं.

यंत्रमानव

वाईट वाटलं. मशीनवाल्या पिल्लांपैकी एक-दोन रात्री तिच्याखाली सरकवून बघा (पिसं कापूनच), दोन-तीन दिवसांच्या आतली असतील तर बरेचदा घेते. बाकीच्यांना पेटीत पहिला आठवडा ३५ अंश आणि दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आकड्यापेक्षा पिल्लं बघा, दिव्याखाली ढीग करून बसली तर थंडी, कोपऱ्यात चोची उघड्या टाकून बसली तर उकाडा. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, सिल्कीचं पिल्लू बोटभर पाण्यात बुडतं. मागचा भाग शी चिकटून बंद झाला नाही ना ते रोज बघा, असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

फुलपिसारा

तिने दोघांना घेतलं. रात्री सरकवली, सकाळी सहाच्या सहा तिच्याखालून डोकी बाहेर काढून बसलेली. बाय द वे, तीन पिल्लांच्या डोक्यावर मधोमध वाटाण्याएवढा टेंगूळ आहे, हात लावला तर मऊ लागतो. पडली का कुठे?

खुराडेश्वर

नाही, ती कवटीच तशी. मोठ्या झुबक्याच्या सिल्कींत कवटी वर घुमटासारखी असते आणि मधे हाड पूर्ण भरलेलं नसतं, लहान बाळाची टाळू असते तसं समजा. पुढे झुबका छान येणार, पण त्या जागी एखाद्या मोठ्या कोंबडीने चोच मारली तर थेट मेंदूला इजा. म्हणून सिल्की दांडग्या जातींत मिसळू नयेत, एवढंच.

(सात आठवड्यांनी)

फुलपिसारा

तुम्ही म्हणालात तेच झालं. शेजारची एक दांडगी कोंबडी कुंपणातून आली आणि टेंगूळवाल्या एका पिल्लाला टोचलं. जखम काही नाही पण दोन दिवसांनी मान वाकडी, डोकं पायांमधून मागे बघतंय, मागे मागे चालतंय आणि गोल फिरून पडतंय. व्हेटकडे नेलं, त्यांनी व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम, शिवाय बी कॉम्प्लेक्स दिलंय, आणि सूज उतरायचं औषध. मारेक्सचं (कोंबड्यांना लुळं करणारा विषाणूचा रोग) नाव पण घेतलं त्यांनी, ती लस पहिल्याच दिवशी द्यायची असते म्हणे, माझ्या पिल्लांना दिली नव्हती.

खुराडेश्वर

पुढच्या वेळी नक्की द्या, सिल्कीला मारेक्स लवकर धरतो. हिला वेगळं ठेवा, टॉवेलची गोल चुंबळ करून त्यात बसवा म्हणजे लोळणार नाही. चोच वाटीत नेऊन पाणी पाजा, दर दोन तासांनी. वाकड्या मानेने तिला स्वतः खाता येत नाही आणि बरीच पिल्लं रोगाने नाही, उपाशी राहून जातात. वेळ लागेल. तीन आठवडे, कधी जास्त.

फुलपिसारा

१९वा दिवस. आज स्वतःहून ताटलीतलं खाल्लं, मान अजून थोडी डावीकडे, पण घाबरली की परत वळते.

टवाळ_तुरा

आणि आईसाहेब काय म्हणतात?

फुलपिसारा

पिल्लं पाच आठवड्यांची झाली तेव्हाच त्यांना टोचून हाकलायला लागली होती. परवापासून परत खुडूक. खाली अंडं नाही, पिल्लू नाही, एक गुळगुळीत दगड आहे तो पोटाखाली ओढून बसलीये.

खुडूकवाली

मग द्या की अंडी तिला!

फुलपिसारा

नको. उचलून बघितली तर छातीचं हाड हाताला टोचतं, मागच्या वेळचं वजन अजून भरून आलेलं नाही. खुडूकपणा मोडावा म्हणून खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवलीये, गवत नाही, भुसा नाही, पोटाला खालून वारा लागतो. दोन दिवस जाळीवरच चपटी होऊन बसली, दगड शोधत. आज तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर पेटीकडे एकदा बघितलं, मग सरळ झाडाखाली जाऊन धुळीत लोळायला लागली.